लंबकाची लांबी आणि पृथ्वीची ओढ

व्याख्यानमालेच्या विषयपत्रिकेत साहित्य, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय असतात. त्यांच्या पंगतीला दोऱ्याला बांधलेला एक खडा आणून बसवावा, ही कोणाला थट्टा वाटेल. परंतु या खड्याची हकीकत तशी लहान नाही. त्याने दोनशे-अडीचशे वर्षे साऱ्या जगाला वेळ सांगितली, पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे हे उघडकीस आणले, हिमालयाच्या पोटात काय दडले असावे याची चाहूल दिली. आणि शाळेतल्या प्रयोगशाळेत आजही तो पोरांच्या बुद्धीची नव्हे, तर सचोटीची परीक्षा घेत असतो. त्या परीक्षेकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. तत्पूर्वी खड्याची ओळख करून घेऊ.

हा प्रयोग करण्यास उपकरणांची गरज नाही. मजबूत दोरा, भोक पाडलेली एखादी जड गोळी, दाराच्या चौकटीवरचा खिळा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे पुरे. गोळी थोडी एका बाजूस ओढावी आणि धक्का न देता सोडावी. ती पलीकडे जाईल, परत येईल, पुन्हा जाईल. हाच लंबक. निघाल्या टोकाला गोळी पुन्हा परत आली म्हणजे एक दोलन पूर्ण झाले. एका दोलनाला लागणारा वेळ तो दोलनकाल आणि एका मिनिटात जितकी दोलने होतात ती दोलनसंख्या. एक वाढला की दुसरी घटते; एक दुप्पट झाला की दुसरी निम्मी होते. दोन्ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत.

आता प्रश्न असा की, ही दोलनसंख्या कशावर अवलंबून असते? दहा जणांना विचारले तर सात-आठ जण सांगतील की, वजनावर. जड गोळी सावकाश हलेल, किंवा उलट, जड गोळी जोराने धावेल. उत्तरे परस्परविरुद्ध असली तरी वजनाचा काहीतरी संबंध असणारच, याविषयी सर्वांची खात्री असते. ही खात्री मोडण्यास पाच मिनिटे पुरतात. तेवढ्याच लांबीच्या दोऱ्याला आधी खडा बांधावा, मग पितळेचे वजन बांधावे आणि मिनिटभर दोलने मोजावी. आकडा तोच येतो. न्यूटनने हाच प्रयोग अकरा फूट लांबीचे लंबक करून पाहिला होता. सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू इतके पदार्थ त्याने एकामागून एक डबीत भरले. सोन्याने गव्हाहून अधिक घाई केली नाही.

दुसरी शंका झोक्याच्या रुंदीची. गोळी अधिक लांब ओढून सोडली तर तिला अधिक अंतर कापावे लागेल, तेव्हा वेळही अधिक लागेल, असे वाटणे साहजिक आहे. पण लांब ओढलेल्या गोळीवर परतीची ओढही तितकीच अधिक असते, म्हणून ती वाटेत वेग अधिक घेते आणि जवळजवळ त्याच वेळात परत येते. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे जपून वापरला आहे. दोरा उभ्या रेषेपासून पाच अंशांनी ओढला तर वेळेत पडणारा फरक दोन हजारांत एक भाग इतका अल्प असतो. तीस अंशांनी ओढला तर तो शेकडा पावणेदोनच्या आसपास जातो. म्हणून लंबकाचा नियम लहान झोक्यांसाठी सांगतात.

वजन गेले, रुंदी गेली. राहिली ती लांबी. आणि येथे मात्र नियम खणखणीत आहे. लांबी म्हणजे टांगलेल्या बिंदूपासून गोळीच्या मध्यापर्यंतचे अंतर. पंचवीस सेंटिमीटर लांबीचा लंबक पनवेलीत मिनिटाला सुमारे ६० दोलने करतो. लांबी चौपट म्हणजे एक मीटर केली की ३० दोलने होतात. पुन्हा चौपट करून लंबक चार मीटरचा केला, तर १५. लांबी चौपट केली की दोलनसंख्या निम्मी, नऊपट केली की एक तृतीयांश. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि दोलनसंख्या त्याच प्रमाणात घटते.

हे वर्गमूळ कोठून आले?

पाठ केलेला नियम विसरतो, समजलेला विसरत नाही. म्हणून याचे कारण पाहू. दोन लंबक घ्या, एक दुसऱ्याच्या चौपट लांबीचा. दोन्ही उभ्या रेषेपासून सारख्याच कोनातून सोडा. गोळी ज्या कमानीवरून खाली येते तिचा उतार दोन्हीकडे सारखा आहे, कारण कोन सारखा आहे. उतार सारखा तर घसरण्याची ओढ सारखी आणि वेग वाढण्याचा दरही सारखा. फरक एवढाच की, लांब लंबकाची कमान चौपट लांबीची आहे. आता पडत्या वस्तूचा गॅलिलिओचा नियम आठवावा. वेग एकाच दराने वाढत असेल, तर दुप्पट वेळात वस्तू दुप्पट नव्हे, चौपट अंतर तोडते. म्हणजे चौपट अंतराला दुप्पटच वेळ लागतो. वर्गमूळ आले ते येथून.

वजनाचे कोडेही याच वाटेने सुटते. जड वस्तूला पृथ्वी अधिक जोराने ओढते हे खरे. पण जड वस्तू हलविण्यासही तितकाच अधिक जोर लागतो. दुप्पट ओढ आणि दुप्पट आडमुठेपणा यांची वजाबाकी पुरी होते. म्हणून वजन हिशेबातून बाहेर पडते आणि दोनच गोष्टी उरतात. एक लंबकाची लांबी आणि दुसरी पृथ्वीच्या ओढीने पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा, म्हणजे गुरुत्वप्रवेग. लांबीला गुरुत्वप्रवेगाने भागावे, त्या भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे ६.२८ ने, म्हणजे वर्तुळाच्या परिघाच्या त्रिज्येशी असलेल्या गुणोत्तराने गुणावे; दोलनकाल मिळतो. हे सूत्र डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याचे. १६७३ साली प्रसिद्ध झालेल्या लंबकाच्या घड्याळावरील ग्रंथात त्याने या विषयाची मांडणी केली.

त्याच्याही आधी गॅलिलिओ. पिसा येथील देवळात टांगलेला दिवा हलताना पाहून त्याला हा नियम सुचला, अशी गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याने पुढे लिहून ठेवली. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, १६०२ सालच्या एका पत्रात गॅलिलिओने लंबकाचा विषय मांडला आहे. टांगलेले दिवे, घंटा, पाळणे हजारो वर्षे हलतच होते. त्यांचे झोके मोजावे असे वाटणारा माणूस मात्र तोवर यावयाचा होता.

झोपाळ्यावरचे शास्त्र

आमच्या कोकणात या विषयाचे सर्वांत मोठे उपकरण घरोघर टांगलेले असे, ते म्हणजे झोपाळा. त्यावर आजोबा बसोत की नातू बसो, झोपाळा आपल्याच चालीने हलतो. आजोबांचे वजन नातवाच्या चौपट असले म्हणून त्यांचा झोका संथ होत नाही. सवा दोन मीटर लांबीच्या कड्या असल्या तर एका येण्याजाण्यास तीन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. पाळण्याची दोरी आखूड, म्हणून पाळणा लगबगीने हलतो.

येथे चौकस वाचक एक अडचण काढील. झाडाला दोरी बांधून केलेल्या झोक्यावर मुले बसण्याऐवजी उभी राहिली की झोका जलद होतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. दोरी तर तेवढीच आहे, मग असे का? कारण लंबकाची लांबी म्हणजे दोरीची लांबी नव्हे. ती भाराच्या ठिकाणापर्यंत धरावयाची. मूल उभे राहिले की त्याच्या शरीराचा मध्य वर सरकतो, टांगण्याच्या जागेजवळ येतो, आणि लंबक आखूड होतो. पण ज्या झोपाळ्याच्या चारही कड्या वर चार निरनिराळ्या हुकांना अडकविलेल्या आणि एकमेकींना समांतर असतात, तेथे हा नियम लागू नाही. त्या झोपाळ्याची फळी हलताना कलत नाही, सपाटच राहते. त्यामुळे तिच्यावरचा प्रत्येक बिंदू, पायाचा असो वा डोक्याचा, कड्यांएवढ्याच त्रिज्येच्या कमानीवरून जातो. तेथे बसा किंवा स्थिर उभे राहा, झोक्याचा काळ बदलत नाही. ज्यांच्या घरी असा झोपाळा असेल त्यांनी पडताळा पाहावा. मात्र उभे राहणाराने कडी घट्ट धरावी.

घड्याळाच्या पोटातला लंबक

लंबकाची दोलने सारख्या वेळाची असतात हे कळल्यावर त्याला वेळ मोजण्याच्या कामी जुंपणे क्रमप्राप्त होते. आपल्याकडे घटिकापात्र चालत असे. लग्नघरी घंगाळातल्या पाण्यात तळाला भोक असलेली वाटी सोडावयाची. ती बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. घटकेची साठ पळे, म्हणून पळ २४ सेकंदांचे. पण पळ मोजावयाचे कशाने? वाटी तेवढी बारीक वेळ दाखवू शकत नाही. हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ केले आणि ही अडचण सुटली. तोपर्यंत चांगली घड्याळेही दिवसाकाठी पंधरा मिनिटे चुकत; लंबक आल्यावर ही चूक काही सेकंदांवर आली.

जो लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे बरोबर एका सेकंदात जातो, त्याला सेकंदाचा लंबक म्हणतात. पनवेलीस त्याची लांबी सुमारे ९९.१५ सेंटिमीटर भरते. ती एक मिलिमीटरने वाढली तर घड्याळ दिवसाला सुमारे ४४ सेकंद मागे पडते. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांचे लंबक याहून बरेच आखूड असत. अर्ध्या सेकंदाचा लंबक पंचवीस सेंटिमीटरला थोडा कमी असतो. त्यात एका मिलिमीटरने दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडतो. लंबकाच्या चकतीखाली जो लहान मळसूत्री नट असतो, त्याचे महत्त्व आता कळेल. घड्याळ मागे पडू लागले की नट फिरवून चकती किंचित वर घ्यावयाची, पुढे जाऊ लागले की खाली. घरातला वडीलधारा माणूस आठवड्याला चावी देताना हे करी. वर्गमुळाचा नियम त्याच्या बोटांना ठाऊक असे.

उन्हाळ्यात धातूची दांडी वाढते, घड्याळ मागे पडते. पोलादी दांडी असेल तर दहा अंश सेल्सिअस उष्मा वाढल्यावर दिवसाला सुमारे पाच सेकंदांचा फरक पडतो. पितळी दांडीला आठ सेकंदांचा. म्हणून कोणी दांडी लाकडाची केली. इंग्लंडात जॉर्ज ग्रॅहॅमने लंबकाला पाऱ्याची नळी जोडली, तर जॉन हॅरिसनने पितळ व पोलाद यांच्या दांड्या अशा गुंफल्या की, एकीची वाढ दुसरीने भरून काढावी.

लंडनच्या पार्लमेंटवरील मोठ्या घड्याळाचा लंबक सुमारे ३०० किलो वजनाचा आहे. तो एका बाजूकडून दुसरीकडे जाण्यास दोन सेकंद घेतो. ते घड्याळ मागे पडू लागले की, लंबकावरच्या बैठकीत एक जुने पेनीचे नाणे ठेवीत. तेवढ्याने घड्याळ दिवसाला २/५ सेकंद पुढे जाई. कोणी म्हणेल, वजनाचा संबंध नाही असे आताच सांगितले ना? संबंध वजनाचा नाहीच. नाणे लंबकाच्या मध्याहून वर ठेवल्याने भाराचे ठिकाण केसभर वर सरकते, लंबक तितकाच आखूड होतो. झोक्यावर उभे राहिलेले मूल आणि लंबकावर ठेवलेली पेनी यांचे काम एकच.

रिशेचे मागे पडणारे घड्याळ

आता गोष्ट खरी रंगात येते. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद वेध घेण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील केयेन या गावी गेला. केयेन विषुववृत्ताजवळ आहे. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते बरोबर चालण्यासाठी लंबक तीन मिलिमीटरला थोडा कमी इतका आखूड करावा लागला. उष्णतेने दांडी वाढली असावी, अशी शंका त्या काळीही निघाली. पण उष्णतेच्या मापाने एवढा फरक भरत नव्हता. लांबी बदलली नसताना दोलनसंख्या बदलली, याचा अर्थ सूत्रातील दुसरी बाजू बदलली. केयेनला पृथ्वीची ओढच कमी होती.

न्यूटनने १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात रिशेच्या निरीक्षणाचा आधार घेतला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तापाशी वस्तूंचे वजन थोडे घटते. शिवाय ती तेथे फुगलेली असल्याने तेथील माणूस पृथ्वीच्या मध्यापासून अधिक दूर असतो. दोन्ही कारणांनी ओढ कमी होते. ध्रुवापाशी गुरुत्वप्रवेग सेकंदाला सुमारे ९८३ सेंटिमीटर, विषुववृत्तावर ९७८. पॅरिसला ९८१ आणि एकोणिसाव्या अक्षांशाशेजारच्या आमच्या पनवेलीस सुमारे ९७८.६. पनवेलीस नीट लावलेले सेकंदाचे घड्याळ पॅरिसला नेले तर ते दिवसाला पावणेदोन मिनिटे पुढे जाईल.

उंचीचाही परिणाम असाच. पनवेलीहून माथेरानचा डोंगर दिसतो. त्याची उंची सुमारे ८०० मीटर. खालचे घड्याळ वर नेले तर केवळ उंचीमुळे ते दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे पडेल. पण पायाखाली डोंगराचा दगड असतो, तोही आपल्या परीने ओढतो, म्हणून प्रत्यक्ष फरक काहीसा कमी. शिवाय वर हवा थंड. पाच अंशांच्या थंडाव्याने पोलादी दांडी आकसून घड्याळ अडीच सेकंद पुढे जाते. तेव्हा घड्याळ कशाने किती चुकले हे सांगण्यापूर्वी प्रत्येक कारणाचा जमाखर्च स्वतंत्र मांडावा लागतो. शास्त्रातील पुष्कळशी मेहनत अशा जमाखर्चातच जाते.

गुरुत्व ठिकठिकाणी बदलते या एका गोष्टीने युरोपातील मोजमापांचे राजकारणही बदलले. सेकंदाच्या लंबकाची लांबी हेच लांबीचे माप धरावे, अशी सूचना फ्रान्समध्ये १७९० साली पुढे आली होती. ती मान्य झाली असती तर आजचा मीटर सुमारे सहा मिलिमीटरने आखूड असता. पण लंबक कोठला धरावयाचा हा प्रश्न उभा राहिला, आणि १७९१ साली पृथ्वीच्या परिघावरून माप ठरविण्याचा निर्णय झाला. इंग्लंडने १८२४ च्या कायद्याने यार्डाचे प्रमाण हरवल्यास ते लंबकावरून पुन्हा करावे असे ठरविले. १८३४ साली पार्लमेंट जळाले, त्यात प्रमाण यार्डाचीही हानी झाली. परंतु तोपर्यंत लंबकाच्या मापातील बारीक चुका उघड झाल्या होत्या, आणि नवा यार्ड जुन्या प्रतींवरून करावा लागला. लंडनचा लंबक ज्याने मोजला तो कॅप्टन हेन्री केटर तरुणपणी हिंदुस्थानात, विल्यम लॅम्बटनच्या मोजणीच्या कामावर होता.

लंबक घेऊन फिरणारा माणूस

हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत एक कोडे निघाले होते. हिमालयाएवढ्या प्रचंड पर्वताने ओळंब्याला आपल्याकडे ओढावे हे अपेक्षित होते. पण प्रॅटने हिशेब केला तेव्हा ही ओढ अपेक्षेच्या एक तृतीयांशच भरली. पर्वत दिसतो तेवढा जड नाही काय? की त्याच्या खाली काही उणे आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी १८६५ पासून कॅप्टन जेम्स बेसेव्ही याने देशभर लंबक हलविले. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. लांबी न बदलणारे पितळी लंबक घ्यावयाचे आणि तेच लंबक ठिकठिकाणी नेऊन त्यांची दिवसाची दोलने मोजावयाची. लांबी तीच, तेव्हा दोलनसंख्येतील फरक म्हणजे गुरुत्वातील फरक. सुमारे ८६ हजार दोलनांत एक-दोन दोलनांचा फरक पकडावयाचा, तोही उष्णता, हवेचा दाब, झोक्याची रुंदी यांचा जमाखर्च मांडून. कन्याकुमारीजवळच्या किनाऱ्यापासून लडाखातील पंधरा हजार फुटांवरील मोरे पठारापर्यंत त्याने हे काम नेले. त्याच दौऱ्यात, जुलै १८७१ मध्ये, लडाखच्या निर्जन थंडीत तो मरण पावला. वय चाळिशीच्या आत.

त्याच्या आकड्यांनी दाखविले की, पर्वतावर गुरुत्व अपेक्षेहून कमी आणि समुद्रकाठी व बेटावर अपेक्षेहून अधिक भरते. पर्वत पृथ्वीच्या पाठीवर नुसते रचलेले नाहीत, त्यांच्याखाली हलक्या खडकांची मुळे खोल गेलेली आहेत, या आज सर्वमान्य झालेल्या कल्पनेला या दोलनांचे बळ मिळाले.

आमच्या भागाचाही या शास्त्राशी संबंध आहे. भूशास्त्राच्या ग्रंथांत पनवेलचे नाव एका रचनेला दिलेले आढळते. सह्याद्रीत आडवे पसरलेले काळ्या दगडाचे थर पनवेलच्या आसपास वाकून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात; या वाकणाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. पुढे मुंबईच्या किनाऱ्यावर गुरुत्व अपेक्षेहून थोडे अधिक भरते, आणि खाली खोलवर जड खडक असल्याचे ते चिन्ह मानतात. आता गुरुत्व मोजण्यास लंबकाऐवजी नाजूक स्प्रिंगची यंत्रे वापरतात, आणि सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमच्या अणूवरून ठरते. लंबकाची ही दोन्ही कामे गेली. ती ज्यांनी काढून घेतली ती यंत्रे लंबकाच्याच वंशातली आहेत. मोजा, पडताळा पाहा, आणि फरक पडला तर त्याचे कारण शोधा, हाच त्यांचाही कुलाचार.

सुमारे १८२५ साली अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत वेध घेण्याचे काम शिकले आणि पुढे १८६० साली त्यांनी मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. छापील पंचांग आणि आकाश यांचा मेळ बसत नसेल तर आकाश चुकले असे म्हणता येत नाही, हे ज्यांना उमगले त्या पहिल्या मराठी माणसांत त्यांची गणना करावी लागेल.

खरा आकडा कोणता?

हाच धडा आता शाळेच्या प्रयोगशाळेत आणू. लंबकावरून गुरुत्वप्रवेग काढण्याचा प्रयोग हजारो मुले दरवर्षी करतात. पुस्तकात ९८१ किंवा ९८० असा आकडा छापलेला असतो. मुलाचे उत्तर ९६९ आले की तो घाबरतो, शेजाऱ्याच्या वहीत पाहतो, आणि सेकंदांचे आकडे खोडून असे लिहितो की उत्तर ९८१ यावे. वही तपासली जाते, गुण मिळतात, आणि एक मुलगा प्रयोगाच्या नावाखाली खोटे लिहावयास शिकतो.

वास्तविक ९६९ हे उत्तर बोलके आहे. दोरा एक मीटर आणि गोळीची त्रिज्या एक सेंटिमीटर असताना लांबी गोळीच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजली, तर उत्तर शेकडा एकाने कमी, म्हणजे पनवेलीस बरोबर ९६९ च्या आसपास येते. मुलाने निरनिराळ्या लांब्या घेऊन लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढला असता, तर रेषा सरळ आली असती, पण ती शून्यातून गेली नसती. आणि शून्यापासून ती किती सरकली यावरून गोळीची त्रिज्याच हाती लागली असती. चूक स्वतःच आपला पत्ता सांगते. मात्र ती खोडली नाही तर.

आणि समजा, मुलाने लांबी नीट मोजली. झोका लहान ठेवला. एक मीटरच्या लंबकाची शंभर दोलने मोजली आणि २०१ सेकंद भरले. उत्तर येते ९७७. शंभर दोलनांत ०.२ सेकंदाची चूक उत्तरात दोन एककांचा फरक पाडते, तेव्हा त्याने ‘९७७, दोन इकडे किंवा तिकडे’ असे लिहावे. पुस्तकातला ९८१ या मर्यादेत बसत नाही. पनवेलचा ९७८.६ बसतो. म्हणजे या मुलाने पुस्तकाहून आपल्या गावाचे अधिक खरे वर्णन केले आहे. ९८१ हा पॅरिस-लंडनकडचा आकडा. तो येथे खोडून आणून बसविणे म्हणजे दाराबाहेरची जमीन पायाखाली असताना दुसऱ्या देशाचा नकाशा खरा मानणे होय.

रिशेनेही केयेनला तेच केले असते तर? घड्याळ बिघडले असे म्हणून त्याने काटे पुढे सरकविले असते आणि वहीत काहीच लिहिले नसते तर? पृथ्वीचे फुगणे आज ना उद्या कोणाला तरी सापडलेच असते. पण ते सापडण्याचा मान अडीच मिनिटांची अडचण प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्याला मिळाला. बेसेव्हीने पंधरा हजार फुटांवर जाऊन जे मोजले तेही शेवटी अपेक्षेशी न जुळणारे आकडेच होते, आणि त्यांची किंमत न जुळण्यातच होती.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे की, लंबकाच्या प्रयोगाला गुण द्यावयाचे ते उत्तराला देऊ नयेत; मांडलेल्या निरीक्षणांना आणि चुकीच्या शोधाला द्यावेत. पालकांनी एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलाला दोरा, गोळी आणि घड्याळ द्यावे, आणि चार मीटरचा लंबक टांगावयाचा असल्यास जिन्याची जागा मोकळी करून द्यावी. मिनिटाला पंधरा दोलने येतात की नाही ते मुलाला मोजू द्यावे. सोळा आली तर त्याच्यावर रागावू नये. एक जास्त का आली, हे त्यालाच शोधू द्यावे.